बागेत आणि उतारावर वाळा: निवड, लागवड आणि छाटणी

उन्हाळ्यात माठाच्या पाण्यात टाकायची मुळ्यांची जुडी आणि खिडक्यांना लावायचे पडदे एवढ्यापुरतीच बहुतेकांची वाळ्याशी ओळख असते. जमिनीच्या वर वाढणारे त्याचे गवत मात्र फारसे कोणी निरखून पाहिलेले नसते. तळाशी घट्ट आवळलेला, वर चहूबाजूंनी बाकदार पाती सोडणारा आणि दीड ते दोन मीटर उंच होणारा हा ठोंब पावसाळ्यात गर्द हिरवा असतो, पावसाळा सरताना त्यातून जांभळट तुरे निघतात आणि थंडीत पाती टोकांकडून पिवळसर तपकिरी होत जातात. तिन्ही अवस्थांत तो पाहण्यासारखा असतो, आणि तरीही घरबागांच्या आराखड्यात त्याचे नाव क्वचितच येते.

शोभेचे गवत म्हणून रोपवाटिकांमध्ये सहसा पंपास आणि फाउंटन ग्रास मिळतात. पहिले मूळचे दक्षिण अमेरिकेतले, दुसरे आफ्रिका आणि पश्चिम आशियातले. दोन्ही वाऱ्यावर बी उधळतात आणि जगात अनेक ठिकाणी ती उपद्रवी तणे ठरलेली आहेत. आपल्याच नदीकाठचे कास गवतही शरद ऋतूत पांढऱ्याशुभ्र तुऱ्यांनी मन मोहवते, परंतु ते बियांनी आणि जमिनीखालच्या आडव्या खोडांनी असे पसरते की घरबागेत ते लावण्याचा सल्ला मी कोणालाही देणार नाही. वाळ्याला आडवी धावणारी खोडे नसल्यासारखीच असतात. ठोंब दरवर्षी थोडा थोडा रुंदावतो आणि लावलेल्या जागीच राहतो. म्हैसूरच्या परिसरातील शेतकरी शेतांच्या हद्दी दाखवण्यासाठी पिढ्यान्‌पिढ्या वाळ्याच्या ओळी राखत आले, ते याच गुणामुळे. १९८० च्या दशकात जागतिक बँकेच्या भारतातील पाणलोट प्रकल्पांवर काम करणारे रिचर्ड ग्रिमशॉ आणि जॉन ग्रीनफिल्ड यांनी माती अडवण्यासाठी वाळ्याच्या कुंपणांचा पुरस्कार केला आणि त्यानंतर हे गवत जगभरच्या रस्त्यांच्या, धरणांच्या आणि खाणींच्या उतारांवर गेले. बागेसाठी त्याचा विचार करताना हा अभियांत्रिकी वारसा विसरून चालत नाही, कारण वाळ्याचे सौंदर्य आणि त्याचे काम एकमेकांपासून वेगळे काढता येत नाही. जिथे त्याला काही काम असते तिथेच तो सर्वांत चांगला दिसतो.

लागवडीपूर्वी दोन गोष्टी नीट ठरवाव्या लागतात: रोप कोणते आणि जागा कोणती. लागवडीनंतर एकच गोष्ट नियमाने करावी लागते, ती म्हणजे छाटणी. उरलेले बरेचसे वाळा स्वतः सांभाळतो.

रोप ओळखणे आणि निवडणे

वाळ्याचे शास्त्रीय नाव क्रायसोपोगॉन झिझॅनिऑइडीस. जुन्या पुस्तकांत तो व्हेटिव्हेरिया या नावाने सापडतो. ऊस, ज्वारी आणि गवती चहा ही त्याची जवळची भावंडे असल्याने लहान रोपांमध्ये गफलत होते, आणि वाळा म्हणून गवती चहा गळ्यात पडणे ही अगदी नेहमीची गोष्ट आहे. ओळखण्याची रीत सोपी आहे. पाते चुरगळून हुंगावे. लिंबासारखा वास आला तर तो गवती चहा. वाळ्याच्या पात्याला असा वास नसतो, त्याचा सगळा सुगंध मुळांत असतो. त्यामुळे बागेतून जाताना वाळ्याचा दरवळ येईल अशी अपेक्षा ठेवून तो लावू नये. तो दरवळ उकरलेल्या, वाळवलेल्या आणि पुन्हा भिजवलेल्या मुळांचा असतो. वाळ्याचे पाते अरुंद, ताठ आणि मध्यशिरेवर दुमडल्यासारखे असते, त्याच्या कडा खरखरीत असतात आणि ठोंबाचा तळ पंख्यासारखा चपटा दिसतो. गवती चहाचे पाते त्या मानाने रुंद, निळसर झाक असलेले आणि लवकर खाली लोळणारे असते.

याहून महत्त्वाचा भेद वाळ्यातच आहे. उत्तर भारतात नदीकाठी आणि दलदलीत वाढणाऱ्या रानटी वाळ्याला रुजणारे बी येते. दक्षिण भारतात पूर्वापार लागवडीत असलेल्या प्रकाराला तुरे येतात, पण त्यात रुजण्याजोगे बी जवळजवळ धरतच नाही, आणि त्याची वाढ केवळ फुटव्यांतून करावी लागते. बागेसाठी हा दुसरा प्रकारच घ्यावा. त्याची मुळेही अधिक सरळ आणि खोल जातात. रोपवाटिकेत प्रत्येक वेळी खात्रीशीर उत्तर मिळेलच असे नाही; त्यापेक्षा ज्यांच्याकडे तीन-चार वर्षांचे ठोंब आहेत त्यांच्याकडे जाऊन ठोंबाभोवतीची जमीन पाहावी. आसपास वाळ्याची बारीक रोपे उगवलेली नसतील तर तेथले फुटवे घ्यायला हरकत नाही. औषधी व सुगंधी वनस्पतींवर संशोधन करणाऱ्या लखनौच्या सीमॅप या संस्थेने ‘धारिणी’, ‘गुलाबी’, ‘केशरी’ अशा जाती विकसित केल्या आहेत, त्या प्रामुख्याने मुळांतील तेलासाठी आहेत. शोभेच्या लागवडीसाठी त्यांचाच आग्रह धरण्याचे कारण नाही.

जागा

वाळ्याला ऊन हवे, आणि ते भरपूर हवे. दिवसातून सहा तासांपेक्षा कमी ऊन मिळणाऱ्या जागी तो मरत नाही, पण ठोंब विरळ होतो, पाती लांबट व लुळी पडतात आणि ज्या घट्ट बांध्यासाठी तो लावला तोच बांधा नाहीसा होतो. नव्याने लावलेल्या फुटव्यांना तर सावली विशेष बाधते. म्हणून आंबा, वड, पिंपळ यांसारख्या दाट सावलीच्या झाडांच्या पसाऱ्याखाली वाळ्याचा विचारच करू नये. उंच भिंतीच्या उत्तरेला, तिच्यालगत जागा असेल आणि हिवाळ्यात तिथे ऊन पोहोचत नसेल, तरी पावसाळ्यातील आणि उन्हाळ्यातील उन्हावर काम भागू शकते, कारण त्याची मुख्य वाढ २५ ते ३५ अंश सेल्सिअस तापमानात होते आणि थंडीत तो तसाही मंदावतो.

मातीच्या बाबतीत तो उदार आहे. कोकणातील आम्लधर्मी जांभ्याची माती, देशावरची काळी चिकण जमीन, टेकडीच्या पायथ्याचा मुरूम, काहीशी खारवट झालेली पाणथळ, या सर्वांत तो तग धरतो. फरक पडतो तो वेगात. भुसभुशीत गाळाच्या जमिनीत वर्षभरात त्याची मुळे दोन ते तीन मीटर खोल जाऊ शकतात, तर कठीण मुरमात तेवढ्याच काळात ती फटी शोधत बरीच कमी उतरतात. काळ्या जमिनीत उन्हाळ्यात रुंद भेगा पडतात आणि पहिल्या वर्षीच्या रोपांची मुळे त्या भेगांत उघडी पडून तुटतात, म्हणून तेथे पहिल्या उन्हाळ्यापूर्वी जाड आच्छादन घालणे टाळू नये. दुसऱ्या वर्षानंतर मुळे भेगांच्या खाली गेलेली असतात.

पाण्याचे दोन्ही टोकांचे प्रसंग वाळा सोसतो. मूळ धरलेला ठोंब अनेक आठवडे पाण्याखाली राहूनही पुन्हा फुटतो, आणि पाऊस थांबल्यावर सहा-सात महिने सिंचन नसले तरी जिवंत राहतो. मात्र जिवंत राहणे आणि हिरवे दिसणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मार्च ते मे या काळात ठोंब हिरवागार दिसावा असे वाटत असेल, तर दहा-पंधरा दिवसांतून एकदा खोल पाणी द्यावे लागते. मला स्वतःला कोरड्या दिवसांतला वाळलेल्या गवताचा रंग बागेच्या ऋतुचक्राचा भाग म्हणून आवडतो, पण घराच्या दर्शनी भागात तो सर्वांनाच रुचेल असे नाही.

कुठे लावू नये हेही सांगितले पाहिजे. पात्यांच्या कडा उघड्या कातडीवर ओरखडे काढतात, म्हणून पायवाटेच्या कडेपासून ठोंबाचा मध्य किमान एक मीटर आत असावा आणि मुलांच्या खेळण्याच्या जागेजवळ तो नसावा. घराच्या भिंतीपासून किंवा कुंपणाच्या पायापासून साठ-सत्तर सेंटिमीटर अंतर ठेवले की पुरते; मुळे सरळ खाली जात असल्याने पायाला धोका संभवत नाही, अंतर लागते ते पाती मोकळी पसरण्यासाठी. ज्या रानालगत दरवर्षी वणवा येतो तेथे घराला चिकटून वाळलेला वाळा ठेवू नये. आगीनंतर ठोंब पुन्हा फुटतो, कारण त्याचा गड्डा मातीच्या पृष्ठभागाच्या किंचित खाली असतो, पण त्या गुणाचा घराला काही उपयोग नाही.

आखणी: ओळ की सुटा ठोंब

सपाट बागेत वाळा सुटा किंवा तीन-पाचच्या गटात लावावा. गटात दोन ठोंबांमधील अंतर एक ते सव्वा मीटर ठेवले, तर तिसऱ्या वर्षी पाती एकमेकांना जेमतेम स्पर्श करतात आणि प्रत्येक ठोंबाचा आकार वेगळा दिसतो. अंतर यापेक्षा कमी केले की गटाची झुडूपवजा गर्दी होते. पाठीमागे गडद रंगाची भिंत किंवा अडुळसा, निरगुडी यांसारखी झुडपे असतील तर ऑक्टोबरच्या कलत्या उन्हात तुरे उठून दिसतात. पाठीमागे पांढरी भिंत असेल तर तेच तुरे जवळजवळ दिसेनासे होतात.

उतारावरची गोष्ट निराळी. तेथे वाळा ओळीनेच लावायचा असतो, आणि ती ओळ समपातळीत असावी लागते. वरून वाहत येणारे पाणी दाट ओळीपाशी थबकते, पसरते, गाळ तेथेच टाकते आणि संथपणे पुढे झिरपते. साठलेल्या गाळातून वाळा नवी मुळे व नवे फुटवे काढत वर सरकतो, त्यामुळे काही वर्षांत ओळीच्या मागे आपोआप पायरी तयार होते. ओळ समपातळीत नसेल, तर पाणी तिच्याकडेने वाहत जाऊन सखल टोकाशी एकवटते आणि तेथे घळ पाडते, म्हणजे ज्या नुकसानीपासून बचाव करायचा तेच आपण ओढवून घेतो. हे काम नजरेच्या अंदाजावर सोडू नये. गवंडी वापरतात ती पाणी भरलेली पारदर्शक लेव्हल नळी किंवा तीन काठ्यांची ओळंबा लावलेली ए-चौकट घेऊन दर दोन-तीन मीटरवर खुंटी ठोकावी, खुंट्यांना दोरी बांधावी आणि चुन्याने रेघ ओढावी. दोरीला आलेली तीक्ष्ण वळणे हाताने थोडी सौम्य करून घेतली तरी चालते, परंतु पाच-सात सेंटिमीटरहून अधिक चढउतार होऊ देऊ नये.

दोन ओळींमधील अंतर उताराच्या तीव्रतेवर ठरते. उभ्या मोजमापाने एक ते दोन मीटर उंचीच्या फरकामागे एक ओळ हा सर्वसाधारण नियम मानला जातो; ढिसूळ भरावाच्या उतारावर एक मीटर धरावे, घट्ट नैसर्गिक जमिनीवर दोन मीटर पुरतात. वाळ्याच्या मुळांची ताणशक्ती सौम्य पोलादाच्या सुमारे एक-षष्ठांश मोजली गेली आहे, आणि त्यामुळे उताराच्या मातीला मुळांचा आधार चांगला मिळतो. तरीही मुळांच्या आवाक्याखालून सरकणारी दरड किंवा उभा कापलेला कडा वाळा थोपवू शकत नाही. घराच्या मागे असा कडा असेल तर आधी अभियंत्याला दाखवावे, वाळ्याचा विचार नंतर करावा.

ओळीत दोन चुडांमधील, म्हणजे एकत्र लावायच्या फुटव्यांच्या जुडग्यांमधील, अंतर दहा ते पंधरा सेंटिमीटर ठेवतात. हे अंतर पाहून अनेकांना रोपे वाया जात आहेत असे वाटते आणि ते तीस सेंटिमीटरवर जातात. अशी ओळ बंद व्हायला एक-दोन पावसाळे जास्त लागतात, आणि तेवढ्या काळात मोकळ्या फटींतून पाणी वेगाने वाहून फटीच रुंद करते. रोपे कमी असतील तर अंतर वाढवण्याऐवजी ओळ आखूड करावी आणि पुढच्या वर्षी स्वतःच्याच ठोंबातून उरलेली पुरी करावी. दहा मीटर लांबीच्या ओळीला पंधरा सेंटिमीटर अंतराने सदुसष्ट-अडुसष्ट चूड लागतात, आणि प्रत्येक चुडात दोन-तीन फुटवे धरले तर एकंदर दीडशे ते दोनशे फुटव्यांची सोय करावी लागते.

फुटवे तयार करणे

लागवडीसाठी चांगला पाया वर्ष-दीड वर्षाच्या ठोंबांचा. जुन्या ठोंबाच्या मध्यभागी मेलेले बुंधे साचलेले असतात, त्यांच्यापासून रोपे येत नाहीत. ठोंब पहारीने किंवा कुदळीने चारी बाजूंनी सैल करून उचलावा. हाताने उपटण्याचा प्रयत्न व्यर्थ आहे. पाती आधीच कापून ठेवली तर काम सोपे होते. उचललेल्या ठोंबाचे कोयत्याने मोठे तुकडे करून मग हाताने दोन-तीन फुटव्यांचे चूड वेगळे करावेत. वरचा भाग वीस सेंटिमीटरवर आणि मुळे आठ-दहा सेंटिमीटरवर छाटावीत, तपकिरी वाळलेली पाने सोलून टाकावीत. बुंध्याचा आतला भाग पांढरा-हिरवट आणि टणक असावा. मऊ किंवा पोकळ लागला तर तो चूड बाजूला काढावा. सोललेले चूड उन्हात तासभरही उघडे पडू देऊ नयेत. ओल्या गोणपाटात गुंडाळून सावलीत ठेवावेत किंवा मुळांपुरत्या शेणकाल्यात बुडवून ठेवावेत, आणि शक्यतो त्याच दिवशी, फार तर दोन-तीन दिवसांत लावावेत.

हेच फुटवे मार्च-एप्रिलमध्ये लहान पिशव्यांत भरून, दोन-अडीच महिने नियमित पाणी देऊन तयार केले तर पावसाच्या सुरुवातीला मुळांसकट सशक्त रोपे हाती येतात. यात श्रम अधिक आहेत. सुट्या शोभेच्या ठोंबांसाठी आणि ज्या उतारावर पाऊस एकदम जोराने कोसळतो तेथे हे श्रम नक्की करावेत, कारण पहिल्याच मुसळधार सरीत उघड्या मुळांचे चूड वाहून जाण्याची शक्यता असते. सपाट जागेवरील लांब ओळींसाठी थेट चूड लावले तरी भागते. पिशवीतील माती, शेणखत आणि वाळू समप्रमाणात असावी, आणि पिशव्या पहिल्या दिवसापासून उन्हातच ठेवाव्यात. हिरव्या जाळीखाली वाढवलेली रोपे बाहेर आणल्यावर नेमकी गरजेच्या वेळी रुसून बसतात.

लागवड

मृगाचे दोन-तीन चांगले पाऊस पडून जमीन वीतभर खोल ओली झाली की काम सुरू करावे. पहिल्या वळवावर विसंबून लागवड केली आणि मग पंधरा दिवस उघडीप पडली तर नुकसान होते. जूनअखेर ते जुलैचा मध्य ही महाराष्ट्रात बहुतेक ठिकाणी उत्तम वेळ. ऑगस्टनंतर लावलेले चूड जगतात, पण थंडीपूर्वी त्यांना फुटवे काढायला पुरेसे दिवस मिळत नाहीत आणि पुढचा उन्हाळा त्यांना जड जातो. सिंचनाची सोय असेल तर फेब्रुवारी अखेरीसही लागवड करता येते.

आखलेल्या रेघेवर पंधरा सेंटिमीटर रुंद आणि तितकाच खोल चर घ्यावा आणि तळाशी कुजलेले शेणखत मातीत मिसळून पसरावे. चूड उभे ठेवून मुळे खाली सरळ राहतील असे पाहावे. मुळे वर वळलेली राहिली तर चूड आठवडाभर हिरवा दिसून मग बसतो. बुंध्याचा गड्डा जमिनीच्या दोन-तीन सेंटिमीटर खाली जाईल इतपत माती ओढून पायाने घट्ट दाबावी. हे दाबणे मनापासून करावे. चूड पकडून हलके ओढला असता हलता कामा नये, कारण सैल मातीतील पोकळीत पाणी साचते किंवा हवा राहते आणि दोन्हींमुळे नवी मुळे सुटत नाहीत. ओळीच्या वरच्या अंगाला हलकी सरी राहू द्यावी, म्हणजे पाणी क्षणभर थांबून मुरते. सुट्या ठोंबासाठी तीस सेंटिमीटरचा खड्डा पुरे, आणि त्यात पाच-सहा फुटव्यांचा जाड चूड लावला तर पहिल्याच वर्षी डोळ्यांत भरण्याजोगा आकार मिळतो.

पहिले वर्ष

दोन आठवड्यांत नवी हिरवी टोके दिसू लागतात. महिनाभराने ओळीवरून एकदा फिरून मेलेल्या जागी नांग्या भराव्यात. त्यासाठी लागवडीच्या वेळीच दहा टक्के चूड पिशव्यांत वेगळे वाढवत ठेवलेले असावेत. नांग्या त्याच पावसाळ्यात भरल्या नाहीत तर पुढच्या वर्षी शेजारचे मोठे ठोंब नव्या रोपांना ऊन मिळू देत नाहीत, आणि ओळीतली ती फट भरून काढणे अवघड होते.

पहिल्या पावसाळ्यात दोन-तीन खुरपण्या लागतात. विशेषतः हरळी आणि लव्हाळा बुंध्यापाशी शिरू देऊ नये. ग्लायफोसेटसारखे तणनाशक वाळ्यालाही मारते, त्यामुळे ओळीजवळ त्याची फवारणी करू नये. दुसऱ्या वर्षापासून वाळ्याची स्वतःची सावलीच तणांना आवरते. खताचे म्हणाल तर लागवडीच्या वेळी दिलेले शेणखत आणि ऑगस्टमध्ये मूठभर गांडूळखत एवढे पुरे. भरपूर नत्र दिलेला ठोंब उंच वाढतो आणि तुरे आल्यावर वाऱ्याने मधून फाटून चहूकडे पडतो, मग त्याला दोरीने बांधून ठेवण्याची पाळी येते. बांधलेला वाळा दिसायला केविलवाणा असतो.

पहिल्या वर्षी ऑक्टोबर ते मे या काळात आठवड्याला किंवा दहा दिवसांतून एकदा खोल पाणी द्यावे. रोज शिंपडलेल्या थोड्या पाण्याने मुळे वरच्या थरात रेंगाळतात. कीडरोगांचा विशेष त्रास नसतो. वाळवी मेलेल्या बुंध्यांना लागते आणि क्वचित तेथून जिवंत भागात शिरते. यावरचा उपाय म्हणजे वाळलेला भाग काढून ठोंब मोकळा ठेवणे. शेजारी मक्याचा वाफा असेल तर एक फायदाही आहे: मक्याच्या खोडकिडीचा पतंग वाळ्यावर आवडीने अंडी घालतो, पण त्यातून निघालेल्या अळ्या वाळ्यावर फारशा जगत नाहीत.

छाटणी

वाळ्याच्या बागेतील यशापयशाचा निर्णय येथे होतो. न छाटलेला ठोंब मरत नाही, पण वाळलेली पाती आत साचत जातात, मध्यभागी प्रकाश पोहोचत नाही, नवे फुटवे फक्त परिघावर निघतात आणि चार-पाच वर्षांत ठोंबाचे मधोमध पोकळ असे कडे होते. ओळ असेल तर ती खालून विरळ होते, म्हणजे पाणी अडवण्याचे कामही ढिले पडते.

लागवडीनंतर तीन-चार महिन्यांनी पहिली हलकी छाटणी करावी आणि शेंडे गुडघ्याएवढ्या उंचीवर कापावेत. त्याने फुटवे वाढतात. शोभेच्या ठोंबांबाबत मात्र पहिल्या वर्षीचे तुरे पाहण्याची इच्छा असेल तर फेब्रुवारीत लावलेल्यांची ही छाटणी जुलै-ऑगस्टपर्यंतच उरकावी आणि पावसाळ्यात लावलेल्यांची सोडून द्यावी, कारण तुऱ्यांचे दांडे पावसाळ्याच्या उत्तरार्धात वर येतात आणि उशिरा कापलेला ठोंब त्या वर्षी तुऱ्याविना राहतो.

दुसऱ्या वर्षापासून वर्षातून एक मोठी छाटणी पुरते. तिची वेळ ठरवताना पाणी आहे की नाही हा एकच प्रश्न विचारावा. पाणी देता येत असेल, तर फेब्रुवारी अखेरीस किंवा मार्चमध्ये ठोंब तीस ते चाळीस सेंटिमीटरवर कापावा. तापमान वाढू लागताच तो नव्याने फुटतो आणि उन्हाळाभर ताजा हिरवा राहतो. पाणी नसेल, तर मार्चमध्ये कापलेला ठोंब तीन महिने खुंटासारखा दिसत राहील आणि उघडी जमीन तापेल, म्हणून वाळलेली पाती सावलीसाठी तशीच ठेवून मेअखेरीस, पावसाच्या तोंडावर कापणे श्रेयस्कर. वणव्याचे भय असलेल्या जागा याला अपवाद आहेत. तेथे थंडी संपताच कापून पाती दूर न्यावीत.

कापण्यासाठी धारदार विळा किंवा कुंपण छाटण्याची लांब कात्री वापरावी, हातमोजे आणि पूर्ण बाह्यांचा सदरा घालावा. कापण्यापूर्वी ठोंबाचा मध्य सुतळीने आवळून घेतला तर पाती एकगठ्ठा पडतात आणि आवराआवर वाचते. दाट ठोंबात साप, सरडे किंवा पक्ष्यांची घरटी असू शकतात, म्हणून आधी काठीने हलवून पाहावे आणि घरटे आढळले तर तो ठोंब पिल्ले उडून जाईपर्यंत राहू द्यावा. तीस सेंटिमीटरपेक्षा खाली, जमिनीलगत कापण्याचा मोह टाळावा. नवे फुटवे ज्या पेऱ्यांतून येतात ती पेरी त्या खालच्या भागात असतात. आणि वाळ्याचा कात्रीने गोल गोळा किंवा चौकोनी ठोकळा करू नये. कापलेल्या टोकांची तपकिरी किनार महिनोन्‌महिने दिसत राहते आणि या गवताचे जे काही देखणेपण आहे, त्याच्या पात्यांचा सैल बाक, तेच त्यात नाहीसे होते. आटोपशीर आकार हवा असेल तर दुसरे झाड निवडावे.

कापलेली पाती उत्तम आच्छादन होतात. ती सावकाश कुजतात, त्यामुळे फळझाडांच्या आळ्यांत एकदा घातलेला थर बराच काळ टिकतो. कंपोस्टच्या खड्ड्यात मात्र ती बारीक करूनच टाकावीत.

सोबतीची झाडे आणि पाण्याची कड

वाळ्याच्या पायथ्याशी पावसाळ्यात फुलणारी हंगामी रानफुले शोभतात. तेरडा आणि कुर्डू यांचे बी जूनमध्ये ठोंबांच्या पुढच्या बाजूला फेकले तर ऑगस्ट-सप्टेंबरमध्ये गुलाबी फुले आणि पांढरट-गुलाबी तुरे दिसतात, आणि दोन्ही पुढच्या वर्षी आपापल्या बियांनी परत येतात. कळलावीचा वेल वाळ्याच्या पात्यांचा आधार घेऊन वर चढतो आणि हिरव्या गवतातून निघालेली त्याची लाल-पिवळी फुले फार देखणी दिसतात. मात्र तिचे सर्व भाग, विशेषतः कंद, अत्यंत विषारी असल्याने लहान मुले किंवा गुरे असलेल्या ठिकाणी ती लावू नये.

तळ्याच्या किंवा सांडपाण्याच्या चराच्या काठी वाळा दुहेरी उपयोगाचा ठरतो. त्याची मुळे पाण्यातील नत्र आणि स्फुरद मोठ्या प्रमाणात शोषून घेतात, म्हणून न्हाणीघराचे व धुण्याचे पाणी बागेत सोडायचे असेल तर ते आधी वाळ्याच्या दोन-तीन समांतर ओळींतून जाऊ द्यावे. अशा जागी वाढ जोमाने होते आणि वर्षातून दोन छाटण्या कराव्या लागतात. कापलेली पाती तेथून बाहेर नेणे आवश्यक असते, नाहीतर शोषलेले सगळे पुन्हा पाण्यात उतरते.

मुळांचा मोह आणि ठोंबांचे नूतनीकरण

वाळा लावला की घरात कोणीतरी मुळे कधी काढायची हे विचारतेच. तेलासाठी होणाऱ्या शेतीत साधारण पंधरा ते अठरा महिन्यांनी पूर्ण ठोंब खणून मुळे काढतात. उतारावरील ओळीत असे कधीही करू नये. खणलेल्या चरातून पुढच्या पावसात बांध फुटतो. माठापुरती मुळे हवी असतील तर एखादा चूड मीटरभर उंचीच्या पिशवीत किंवा रुंद तोंडाच्या जुन्या पाइपच्या तुकड्यात वाळूमिश्रित माती भरून लावावा. दीड वर्षाने पिशवी फाडून माती धुतली की स्वच्छ, लांब मुळे मिळतात, आणि वरचे फुटवे पुन्हा लावता येतात.

सुट्या ठोंबांचे मधले फुटवे कमी होऊ लागले, म्हणजे साधारण चौथ्या-पाचव्या वर्षी, पावसाच्या सुरुवातीला त्यांची विभागणी करावी. संपूर्ण ठोंब उचलण्याची गरज नाही. धारदार कुदळीने परिघावरचा एक-तृतीयांश भाग पाचरीसारखा कापून काढावा, मध्यातले मेलेले बुंधे खणून टाकावेत आणि पोकळीत माती व शेणखत भरून कापलेल्या भागातलेच दोन-तीन सशक्त चूड तेथे लावावेत. उरलेल्या फुटव्यांची संख्या पंचवीस-तीस सहज भरते. ओळीतल्या राहिलेल्या फटींसाठी ते आधी वापरावेत आणि मग शेजाऱ्यांना द्यावेत, देताना बी न धरणारा वाळा आहे हे सांगून आणि छाटणीची वेळ लिहून द्यावी.